ओफेलियाची जीन्स आणि जास्तीची चार बोटं

ओफेलिया,

तू म्हणालीस, लिही खुशाल, पण कमरेचं माप लिहू नकोस. नाही लिहीत. तसंही तुझं खरं माप कुणालाच ठाऊक नव्हतं, तुलासुद्धा नव्हतं. बाकी मात्र सगळं लिहिणार आहे. गुडघ्याचं खोटंही लिहिणार आहे. कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षं तू माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून मला बोलू दिलं नाहीस, आता थोडं ऐकून घे. वाचणाऱ्यांना सोपं जावं म्हणून इथून पुढे मी तुला 'ती' म्हणते. रागावू नकोस.

तर, ओफेलिया बर्रासानं एल पासोच्या एका जीन्सच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली आणि सव्वीस वर्षं एकच काम केलं. कमरपट्टी बसवली. बाकीची जीन्स तिच्यापुढे तयार होऊन यायची. पाय जोडलेले, खिसे लावलेले, चेन बसवलेली, वरचं तोंड तेवढं उघडं. ओफेलिया त्या तोंडाला पट्टी लावायची, दोन सुयांची टीप एका दमात फिरवायची आणि नग पुढे ढकलायची. एका पाळीत हजारावर नग. तिच्या हाताखालून गेलेल्या कमरा एका ओळीत उभ्या केल्या असत्या तर अर्धं टेक्सास भरलं असतं. त्यातली एकही कंबर तिची नव्हती.

कारण तिची घडण. फिरवून बोलण्यात अर्थ नाही. पाय बारीक आणि सरळ, विशीतल्या पोरीनं हेवा करावा असे. वर कंबर भरलेली, पोट पुढे, मागची बाजू सपाट. तिची आई अशीच होती, आजी अशीच, सरहद्दीच्या नदीपलीकडच्या सगळ्या मावश्या अशाच. तिचा नवरा लुपे, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, म्हणायचा, "माझी बायको म्हणजे दोन काड्यांवर खोचलेलं ऑलिव्ह." लाडानं म्हणायचा, आणि ती हातात असेल ते फेकून मारायची.

जीन्स बेतणारे मात्र बाई म्हटली की कंबर लहान आणि कुल्ले मोठे असंच धरून चालतात. ओफेलियाला कमरेला बसेल अशी जीन्स घ्यावी तर पायांवर कापड पोत्यासारखं लोंबायचं, आणि पायांना बसेल अशी घ्यावी तर बटण आणि काज यांची गाठच पडत नसे. म्हणून ती जन्मभर इलॅस्टिकचे स्कर्ट घालत आली. एकदा कारखान्याच्या कसल्याशा वर्धापनदिनाला मालकानं सगळ्यांना एकेक जीन्स फुकट दिली आणि ती घालून फोटोला उभं राहायला सांगितलं. सगळ्या बायका मुरडत उभ्या राहिल्या. ओफेलियाची जीन्स मांडीवर झकास बसली आणि वर वीतभर उघडी राहिली. कमरेला स्वेटर गुंडाळून ती शेवटच्या रांगेत गेली. त्या फोटोत तिचं कपाळ दिसतं. फोटो चेलोच्या घरी भिंतीवर आहे, आणि ओफेलिया तिथे गेली की त्या भिंतीकडे पाठ करूनच बसते.

चेलो मागचे खिसे लावायची. तिचं मशीन ओफेलियाच्या मशीनपासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि ओफेलियाच्या मुलाची, एफ्रेनची, ती धर्ममाता. त्या नात्यानं दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात, आणि एकदा कोमाद्रे म्हटलं की पुढे वाट्टेल ते बोलायची मुभा असते.

कारखाना बंद पडून दहा वर्षं झाली असतील. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी एफ्रेन घरी मेनूदोचं सूप प्यायला आला आणि वाडग्यात लिंबू पिळता पिळता म्हणाला, "अमा, मे महिन्यात लग्न ठरलं. यादिराच्या घरच्यांच्या रँचवर."

"देवाची कृपा. पण चर्चमध्ये ना?"

"आधी चर्च, मग रँच. आणि सगळ्यांनी जीन्स आणि बूट घालायचे. त्यांच्याकडे तीच पद्धत आहे. नवरीच्या झग्याखालीसुद्धा बूट."

ओफेलियाची पळी पातेल्यातच थांबली. "सगळ्यांनी म्हणजे कुणी कुणी?"

"सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. यादिराची आई तर म्हणे जन्मली तीच जीन्स घालून. आणि हे बघ, अपा नाहीत. आई-मुलाचा नाच मला हवाय. गाणं बँडला सांगून ठेवलंय."

"बरं बाबा," ओफेलिया म्हणाली आणि त्याच्या वाडग्यात न मागता आणखी एक पळी ओतली.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आधी ती बसथांब्यावर हजर. पहिल्या दुकानातल्या पोरीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सेन्योरा, ही घ्या. ताणली जाते." ताणली गेली खरी. घोट्यापासून बरगड्यांपर्यंत नुसती चिकटली.

"हा पायमोजा आहे," ओफेलिया म्हणाली. "मला पॅन्ट हवी."

दुसऱ्या दुकानात सगळ्या पट्ट्या खाली उतरलेल्या. पट्टी पोटाखाली बसायची आणि पोट वरून डोकावायचं, खिडकीतल्या शेजारणीसारखं. तिसऱ्या दुकानात ती धीर करून पुरुषांच्या बाजूला गेली. कंबर बसली. पण एकेका पायात एकेक एफ्रेन मावला असता. तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसली आणि हाताला सवय म्हणून पट्टीची टीप तपासली. टाके लांब, कोपरा तिरका. "हे काम मी परत पाठवलं असतं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. थोडंसंच. बाहेर बायका खोळंबल्या होत्या.

आठवड्याभरानं तिनं एफ्रेनला फोन केला. "बाळा, गुडघा धरलाय. नाचायचं काही जमायचं नाही. मी आपली खुर्चीवरून बघीन. स्कर्टमध्येच येईन. गुडघ्याला मोकळं बरं."

"मावशीबरोबर नाच," ती म्हणाली. "ती बरी नाचते."

"मावशीबरोबर काय नाचू, अमा? तुझ्याबरोबर नसेल तर नकोच. बँडला सांगतो ते गाणं काढून टाका म्हणून."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. उलट म्हणाला, "गुडघ्याला शेक दे." ओफेलियानं फोन ठेवला आणि त्या दिवशी तिनं भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

एफ्रेननं ही गोष्ट आपल्या धर्ममातेला सांगितली. चेलो लगेच आली. तेव्हा ओफेलिया छपरावर होती. उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे प्रत्येक घरी कुणीतरी वर चढून कूलरच्या गवताच्या गाद्या बदलतं. लुपे गेल्यापासून हे काम ओफेलियाच करते.

"कोमाद्रे, गुडघा कसा आहे?" चेलोनं खालून विचारलं.

"दुखतोय."

"शिडी चढताना दुखतो की उतरताना?"

जुनी गादी ओफेलियानं अंगणात टाकली, ती चेलोच्या पायाशीच पडली.

"उतर खाली. लेकराचा नाच बुडवतेस आणि गुडघ्याचं नाव सांगतेस. काय झालंय ते नीट सांग."

ओफेलिया उतरली, कॉफी ठेवली आणि सगळं सांगितलं. तिन्ही दुकानं, पायमोजा, खिडकीतली शेजारीण, सगळं. चेलो हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग डोळे पुसून म्हणाली, "सव्वीस वर्षं कमरपट्ट्या लावल्यास आणि स्वतःला एक जीन्स शिवता येत नाही तुला?"

"मला पट्टी येते. बाकीचं कुठे येतं? तुला येते का अख्खी जीन्स?"

"मला खिसे येतात," चेलो म्हणाली. "आणि खिशांवरचा तिरका जोड."

खरं होतं ते. लाखो जीन्स त्या बायकांच्या हातून गेल्या, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकीनंही एक शिवली नव्हती. प्रत्येकीकडे जीन्सचा एकेक तुकडा होता. चेलोनं कॉफी संपवली, फोन जवळ ओढला आणि म्हणाली, "मग अख्खी लाईन बोलवावी लागेल."

लाईन म्हणजे उरलेली लाईन. लिचा बाजूच्या शिवणी मारायची. कारखान्याची मशिनं लिलावात गेली तेव्हा तिनं आपलं मशीन विकत घेतलं होतं, आणि ते तिच्या गॅरेजमध्ये चादरीखाली उभं होतं. तेन्चा चेन बसवायची, अजून बसवते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पिशव्यांना. आणि कापड कापणारे डॉन चेमा ('डॉन' मानानं म्हणायचं), ऐंशी वर्षांचे, गाड्यांची आसनं शिवायच्या मुलाच्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून मुलाच्या चुका काढणारे.

ओफेलियानं माप घरी एकटीनं घेतलं, कागदावर लिहिलं, कागदाची घडी घातली आणि डॉन चेमांच्या हातात दिली. त्यांनी कागद वाचला आणि तिला दारापर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं. ती गेली, आली.

"तुझा काही दोष नाही पोरी," ते म्हणाले. "बायकांचे सगळे साचे एकाच बाईवर बेतलेले असतात. साठ वर्षं कापतोय मी. ती बाई मला रस्त्यात कधी भेटली नाही."

मग त्यांनी खडूनं टेबलावरच रेघा मारून समजावलं. पाय सडपातळ पुरुषाच्या साच्यावरून कापायचे, सरळ, म्हणजे बुटांवर नीट पडतील. वरचा भाग बाईच्या साच्यावरून, मोठा. दोन्ही कुल्ल्यांपाशी जोडायचे. पुढची उंची बेंबीपर्यंत न्यायची. पोट दाबायचं नाही, झाकायचं. मागचे खिसे मोठे आणि जवळजवळ.

"खिसे मोठे कशाला?" ओफेलियानं विचारलं.

"मागे काहीतरी आहे असं वाटायला."

"आहे माझं मागे."

"आहे गं. लाजतंय फक्त."

कापलेले तुकडे त्यांनी कारखान्यात बांधत तसे गठ्ठ्यात बांधले, वर चिठ्ठी लावली आणि गठ्ठा किराण्याच्या पिशवीतून चेलोकडे गेला. चेलोनं दोन खिसे आणि वरचा जोड इतक्या झटक्यात लावला की बसायला ओढलेली खुर्ची गरमसुद्धा झाली नाही. हातांना सावकाश काम माहीतच नव्हतं. "एवढंच?" ती म्हणाली. तिनं एक खिसा उसवला आणि पुन्हा लावला, केवळ मजा म्हणून. पुढे पिशवी तेन्चाकडे गेली. "एका चेनसाठी मशीनला तेल पाजायचं?" असं कुरकुरत तिनं ते पाजलं, पुसलं, आणि चेन बसवून झाल्यावर मशीनपाशीच बसून जुन्या सुपरवायझरची नक्कल करत नवऱ्याला हसवलं. तिथून लिचाच्या गॅरेजमध्ये. तिनं बाजूच्या शिवणी दुहेरी दुमडून मारल्या, जशा मारायच्या असतात, जन्मात न उसवणाऱ्या. प्रत्येकीनं चिठ्ठीवर आपला कारखान्यातला जुना नंबर टाकला. तिघींनाही ते नंबर पाठ होते, नातवंडांचे वाढदिवस नसले तरी.

जीन्स ओफेलियाकडे पोचली ती गुरुवारी सकाळी. लग्न शनिवारी.

डेनिमचे इतके पदर घरच्या मशीनखाली जात नाहीत. म्हणून पट्टी लावायला ती डॉन चेमांच्या मुलाच्या दुकानात गेली. तिथे ट्रकच्या आसनांवर चालणारं दणकट मशीन होतं. तिनं बाही सरसावली, पट्टी सुईखाली घातली, जीन्सचं तोंड तिच्यात सरकवलं आणि पायानं दाब दिला. मशीन धावलं. तिला कारखान्यातला तो आवाज आठवला, सहाशे मशिनांचा, ज्यात गप्पा मारायच्या तर ओठ वाचावे लागत. ती हसायला लागली. मग पट्टी संपली आणि जीन्स संपली नाही.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. पट्टी मापाबरहुकूम होती. जीन्सचंच तोंड मोठं झालं होतं, चांगलं तीन बोटं जास्त. ओफेलियानं ती अंगात चढवली आणि सोडली. पाय तिथल्या तिथे राहिले, सुंदर, सरळ. वरचा भाग मात्र तिच्याभोवती पिंपासारखा उभा राहिला.

दुपारी अख्खी लाईन दुकानात जमली. लिचानं बरीतो आणले होते, तेन्चानं गोड पाव. आधी कुणी खाल्लं नाही. आधी कारखान्यातलाच जुना खेळ सुरू झाला.

"चेनवालीचं काम आहे हे," लिचा म्हणाली. "पुढे बघा, दोन्ही पल्ले एकमेकांवर चढलेच नाहीत."

"माझी चेन सरळ आहे. तुझ्या शिवणी बघ. शिवणीत कापड ठेवलंयस का दोरीएवढं?"

"खिशांवरचा जोड कुणी रुंद केला?"

"माझ्याकडे बघू नका," चेलो म्हणाली. "कापूनच मोठं आलं होतं."

सगळ्या डॉन चेमांकडे वळल्या. ते बरीतोचा कागद सोलत होते. शेवटी म्हणाले, "मी एक बोट वाढवलं. बाई आपलं माप कधी खरं लिहीत नाही. साठ वर्षांचा अनुभव आहे माझा."

मग लिचानं घसा साफ केला. "मी दोन्ही बाजूंना जरासं सोडलं. नाताळानंतर ती मला थोडी... म्हणजे सुखी दिसत होती."

"मी अर्धं बोट," तेन्चा म्हणाली. "नाचताना श्वास घ्यायला."

"कोमाद्रे?" ओफेलियानं विचारलं.

"मीही अर्धं," चेलो म्हणाली. "म्हटलं, तू सांगणार नाहीस. तुझ्या अब्रूसाठी केलं."

"माझ्या अब्रूसाठी तुम्ही सगळ्यांनी मिळून मला म्हैस केलंत."

"तू दिलेलं माप तरी खरं होतं का?" डॉन चेमांनी विचारलं.

ओफेलियानं पट्टीवरून बोट फिरवलं. खोटं बोलायला आता गुडघाही उरला नव्हता. "एक बोट मीही वाढवून लिहिलं होतं," ती म्हणाली. "घट्ट झाली तर काय, म्हणून."

तेन्चाच्या तोंडातला पाव बाहेर आला. चेलो ट्रकच्या अर्धवट आसनावर कोसळली आणि तिथून तिचा फक्त हात दिसत राहिला, हवेत हलणारा. डॉन चेमांचा मुलगा काय झालं ते बघायला आतून आला आणि कुणी काही सांगेना म्हणून परत गेला. म्हणजे कागदावर एक बोट आणि कापडात तीन, अशी चार बोटं जास्त. आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच तेवढं गुपचूप दिलंय.

हसणं ओसरल्यावर खरा प्रश्न उरला. लिचाच्या शिवणी उसवायच्या नव्हत्या. त्या उसवल्या की कापडावर भोकांची रांग राहते. चेनला हात लावला तर पुढचं सगळं बिघडतं. "आता?" लिचानं विचारलं, आणि सगळ्या ओफेलियाकडे बघायला लागल्या. उरलं होतं ते फक्त कमरेचं काम, आणि ते करणारी एकच.

ओफेलियानं आधी चेलोला टेप दिला. "घे. खरं माप घे. आणि मोठ्यानं वाचायचं नाही." चेलोनं घेतलं आणि कानात सांगितलं. आकडा ऐकून ओफेलियाची भुवई वर गेली. कागदावरच्यापेक्षा लहान, आणि तिला मनातून वाटत होतं त्यापेक्षाही लहान.

मग तिनं लावलेली पट्टी उसवली. मागची मधली शिवण तेवढी वरून वीतभर उघडली आणि पाचरीसारखं कापड आत घेतलं, वर जास्त, खाली येता येता शून्य. त्यात दोन बोटं गेली. उरलेली दोन तिनं मागच्या पट्टीत रुंद इलॅस्टिक घालून गोळा केली, दोन्ही बाजूंच्या शिवणींच्या मधेच, बाहेरून चुणी दिसणार नाही अशा बेतानं. पुढची पट्टी सपाट ठेवली. लाईनवर हे करायला कुणी वेळ दिला नसता. इथे तिनं दोन तास घेतले, आणि चार माणसं श्वास रोखून बघत होती. मशीन शेवटच्या कोपऱ्यावर वळलं तेव्हा लिचा हळूच म्हणाली, "कोपरा बघा तिचा. अजून तसाच."

ओफेलिया मागच्या खोलीत जाऊन जीन्स घालून आली. बटण लागलं. ती उभी राहिली, पट्टी जागेवर. स्टुलावर बसली तेव्हा मागचं इलॅस्टिक थोडं ताणलं आणि पोटात काही रुतलं नाही. वाकली, उठली, पट्टी परत जागेवर. पाय काड्यांसारखे नव्हे, पायांसारखे दिसत होते. दुकानात आरसा नव्हता. डॉन चेमांच्या मुलानं एका ट्रकचा मोठा आरसा आणून धरला, त्यात ती तुकड्यातुकड्यानं दिसली. आधी घोटे, मग मांड्या, मग कंबर. कमरेपाशी तिनं आरसा थांबवायला लावला.

"हं," ती म्हणाली.

"हं काय?" चेलोनं विचारलं.

"आई असती तर तिलाही एक शिवली असती."

मग सगळ्यांनी बरीतो खाल्ले. गार झाले होते, तरी.

शनिवारी चर्च झालं आणि वऱ्हाड फेबन्सच्या पुढे, कापसाच्या शेतांपलीकडच्या रँचवर गेलं. ओफेलियानं पांढरा सदरा जीन्समध्ये खोचला होता. जन्मात पहिल्यांदा खोचला होता. पायांत चेलोच्या बहिणीचे बूट. तिला धास्ती होती ती यादिराच्या आईची. आर्मिदा उंच, ताठ, डोक्यावर टोपी, कमरेला बशीएवढं चांदीचं बक्कल. तिनं ओफेलियाचा हात हातात घेतला, खाली पाहिलं, वर पाहिलं आणि फक्त "छान" म्हणाली. ओफेलियाला त्यातलं काही कळलं नाही.

जेवणं झाली, लाल मिरचीतलं डुकराचं मटण आणि घेवडा, आणि बँड सुरू झाला. नवरा-नवरीचा नाच झाला. मग नवरीचा बापाबरोबर. एफ्रेन बाजूला टोपी हातात घेऊन उभा होता. त्यानं आपलं गाणं काढून टाकलेलं होतं. ओफेलिया उठली, टेबलांमधून वाट काढत बँडपाशी गेली आणि अॅकॉर्डियनवाल्याच्या कानात काहीतरी बोलली. मग धुळीच्या त्या मोकळ्या जागेत मधोमध जाऊन उभी राहिली. सगळ्यांसमोर, पुढच्या रांगेत म्हणा हवं तर, आणि कमरेला काहीही न गुंडाळता.

एफ्रेन धावत आला. "अमा, गुडघा?"

"बरा झाला."

"कसा?"

"लिचानं दोन टाके घातले. बोलू नकोस, पावलं चुकतील."

पावलं चुकली नाहीत. पोल्का होता, झपाट्याचा, आणि ओफेलियाचे ते बारीक पाय असे चालले की बघणाऱ्यांचे टाळ्या वाजवणारे हात मागे पडले. एफ्रेननं तिला एकदा गिरकी दिली, दोनदा दिली, तिसऱ्यांदा तिनंच घेतली. टेबलाशी चेलो, लिचा आणि तेन्चा उभ्या होत्या, आणि तिघीजणी तिच्या चेहऱ्याकडे नाही, आपापल्या शिवणींकडे बघत होत्या. गाणं संपलं तेव्हा एफ्रेननं तिला घट्ट धरलं आणि बँडवाल्यांनी न विचारता तेच गाणं पुन्हा सुरू केलं.

ती धापा टाकत बाजूला आली तशी आर्मिदानं तिचं मनगट पकडलं आणि तिला खोगिरांच्या खोलीत नेलं. दार लावलं.

"कुठून आणलीत ही?"

"विकत मिळत नाही."

आर्मिदानं खिडकीकडे एकदा पाहिलं आणि ते बशीएवढं बक्कल वर उचललं. खाली बटण उघडं होतं. बटण आणि काज यांच्यामधे चार बोटांचं अंतर, आणि त्यावर घोड्याच्या ब्लँकेटला लावतात तसली भलीमोठी सेफ्टी पिन.

"तीस वर्षं," आर्मिदा म्हणाली. "यादिराला माहीत नाही. नवऱ्याला वाटतं मला बक्कलं आवडतात."

ओफेलियानं त्या पिनेकडे पाहिलं, मग त्या ताठ बाईच्या बारीक, लांब पायांकडे पाहिलं, आणि तिला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. "बुधवारी येते टेप घेऊन," ती म्हणाली. "पण माप मी घेणार. तुम्ही सांगितलेलं चालायचं नाही."

"आणि कुणाला..."

"सगळ्यांना सांगावं लागेल. आमच्यात एकटीला अख्खी जीन्स येत नाही. पण ती माणसं तोंड उघडत नाहीत. गुपचूप कापड मात्र वाढवतात, तेवढं बघावं लागेल."

मग दोघी पुन्हा बाहेर आल्या, आणि त्या दुपारी ओफेलिया आर्मिदाबरोबरसुद्धा नाचली.

तर ओफेलिया, महामार्गावर तू गाडी घालत नाहीस, म्हणून तुला त्या बुधवारी फेबन्सला मीच नेणार होते. टेप तुझ्या पिशवीत, पिशवी माझ्या मागच्या सीटवर. पण वारा सुटला आणि धुळीत समोरचा पूल दिसेना. पुढच्या बुधवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. त्याच्या पुढच्या बुधवारी तेन्चाकडे बाप्तिस्मा, तिथे तू केक कापत बसलीस आणि मी तुला आठवण केली नाही. मग एफ्रेनला सॅन अँटोनियोला नोकरी लागली, जुळं झालं आणि तू तिकडे गेलीस. परवा पेकानच्या बाजारात आर्मिदा भेटली. अक्रोडासारखे ते पेकान निवडता निवडता तिनं बक्कलावर नुसता हात ठेवला. मी म्हटलं, ओफेलिया परत आली की, बुधवारी.